बालसंगीताचे शिल्पकार : कार्ल ऑर्फ

संगीत शिकावयाचे म्हणजे आधी वर्षानुवर्षे पाठ गिरवावेत आणि मग स्वतःचे काही वाजवावे, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. लहान मूल पहिल्या दिवसापासून संगीत निर्माण करू शकते, हे ज्यांनी प्रत्यक्ष दाखवून दिले, त्यांत जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांचे नाव अग्रभागी आहे.

ऑर्फ यांचा जन्म १० जुलै १८९५ रोजी म्युनिक शहरी झाला. घराणे लष्करी परंपरेचे, पण संगीतप्रेमी होते. पाचव्या वर्षी कार्ल पियानो शिकू लागला. नेमून दिलेल्या पाठांपेक्षा स्वतःच्या मनाने सूर जुळविण्यात त्याला अधिक गोडी वाटे. घरच्या बाहुल्यांच्या खेळांसाठी तो संगीत रचीत असे.

पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, त्यांना सैन्यात जावे लागले. आघाडीवर खंदक कोसळून ते मातीखाली गाडले गेले. जीव वाचला, पण वाचा व हालचाल यांवर परिणाम झाला. त्यातून ते हळूहळू सावरले.

१९२४ साली डोरोथे ग्युंथर यांच्यासह त्यांनी म्युनिकमध्ये व्यायाम, नृत्य व संगीत यांची शाळा काढली. नाचणारांनी आपले संगीत आपणच वाजवावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी ढोल, झांजा, खुळखुळे अशी सोपी तालवाद्ये त्यांनी निवडली. कार्ल मेंडलर या कारागिराने लाकडी व धातूच्या पट्ट्यांचे तरंग तयार करून दिले. गुनिल्ड केटमान ही विद्यार्थिनी पुढे त्यांची आयुष्यभराची सहकारी झाली.

१९३७ साली ‘कार्मिना बुराना’ या रचनेने ऑर्फ यांना मोठी कीर्ती मिळाली. तो काळ हिटलरच्या जुलमी राजवटीचा होता. मेंडेलसन हे संगीतकार ज्यू वंशाचे, म्हणून त्यांचे संगीत त्या राजवटीने वर्ज्य ठरविले होते. शेक्सपिअरच्या एका नाटकाला त्यांच्याऐवजी नवे संगीत देण्याचे काम ऑर्फ यांनी पत्करले. याबद्दल त्यांना दोष दिला जातो आणि तो अस्थानी नाही. १९४४ मध्ये त्यांची शाळा सत्ताधाऱ्यांनी बंद केली. पुढच्याच वर्षी बाँबहल्ल्यात इमारत जळाली आणि बहुतेक वाद्यांची राख झाली.

वीस वर्षांचे कार्य मातीस मिळाले, असे वाटत असतानाच १९४८ साली बव्हेरियाच्या नभोवाणीने मुलांसाठी संगीताचा कार्यक्रम करण्याची विनंती केली. ऑर्फ व केटमान यांनी उरल्यासुरल्या वाद्यांवर साध्या मुलांकडून संगीत वाजवून घेतले. ते ऐकून इतर मुलांनाही तशी वाद्ये हवीशी वाटू लागली. तेव्हा क्लाउस बेकर या तरुण कारागिराने ती पुन्हा घडविण्यास प्रारंभ केला.

ऑर्फ यांची पद्धत मुलांच्या खेळातूनच निघाली होती. प्रथम मुलांनी आपली नावे व बडबडगीते ठेक्यात म्हणावीत. तोच ठेका टाळ्या, चुटक्या, मांडीवरील थापा व पावलांचा आघात यांनी धरावा. मग तो ढोलावर न्यावा. काष्ठतरंगाच्या नको असलेल्या पट्ट्या काढून ठेवता येत. उरलेल्या पाच स्वरांत मुलाने कोठेही आघात केला, तरी कानास बेसूर वाटत नसे. एकाने छोटा ठेका सतत चालू ठेवावा व दुसऱ्याने त्यावर नवी धून रचावी. अशा रीतीने भित्र्या मुलासही वाद्यवृंदात स्थान मिळे.

१९५० ते १९५४ या काळात या संगीताचे पाच भाग प्रसिद्ध झाले. १९६१ साली ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग येथे शिक्षकांसाठी संस्था स्थापन झाली आणि ही पद्धत अनेक देशांत पसरली. २९ मार्च १९८२ रोजी म्युनिक येथे ऑर्फ यांचे निधन झाले.

मोठमोठ्या रंगमंदिरांत त्यांची ‘कार्मिना बुराना’ आजही गाजते. परंतु एखाद्या शाळेच्या खोलीत चिमुकले हात लाकडी पट्ट्यांवर ठेका धरतात, तेथेही ऑर्फ यांचेच कार्य चालू असते.