कथेचा धागा आणि नांदेडचे गुरुजी

रात्री आठच्या सुमारास नांदेडच्या वजिराबादपासून लातूरच्या औसा रोडपर्यंत बहुतेक घरांत दूरचित्रवाणीवर एखादी कौटुंबिक मालिका सुरू असते. ती पाहताना कोणी ना कोणी शेजारच्याला विचारतच असते, की ही बाई आता कोण? मेलेले पात्र परत येते, परत आलेले पात्र तेच नसते, मध्येच एखादे जुळे भावंड निघते. कथा वीस वर्षांची उडी मारते आणि कालची सून आज आजी होते. मालिका समजेनाशी झाली, ही तक्रार आता इतकी रुळली आहे की तिची कोणी दखलही घेत नाही.

तक्रार मात्र खोटी नाही. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' ही हिंदी मालिका २००० ते २००८ या काळात अठराशेहून अधिक भाग चालली. तिच्यातील मिहिर हे पात्र मेले, परतले आणि काही वर्षांत तीन नटांच्या चेहऱ्यांनी वावरले. मराठीत 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ या काळात चालली आणि तिने तीन हजार भागांचा टप्पा ओलांडला. त्याच काळात मराठवाड्यात भारनियमनाचा कहर होता. वीज गेली की भाग चुकायचा आणि दुसऱ्या दिवशी कथेचे टोक सापडायचे नाही. दोष विजेचा की कथेचा, हे ठरवणेही अवघड होऊन बसले होते.

पण याच प्रेक्षकाने याहून कितीतरी गुंतागुंतीची कथा एकही धागा न सोडता पाहिली आहे. बी. आर. चोप्रा यांचे 'महाभारत' ऑक्टोबर १९८८ ते जून १९९० या काळात ९४ भागांत दाखवले गेले. शेकडो पात्रे, चार-पाच पिढ्या, शाप, वर आणि प्रतिज्ञांचे जाळे असूनही कोणी वाट चुकले नाही. मग प्रेक्षकाला गुंतागुंत झेपत नाही, असे कसे म्हणावे? गुंतागुंत आणि गुंता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य करावे लागते.

हा फरक ज्यांच्या लेखनातून आणि अध्यापनातून उत्तम शिकता येतो, असे एक गृहस्थ नांदेडात होऊन गेले. प्राचार्य नरहर कुरुंदकर हे त्यांचे नाव. मालिकांचे युग त्यांनी पाहिले नाही आणि त्यावर त्यांनी काही लिहिलेही नाही. १० फेब्रुवारी १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये दूरदर्शनचे राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाले आणि पडद्यावर रंग आले. लातूर हा स्वतंत्र जिल्हाही त्याच महिन्यात झाला. 'हम लोग' ही पहिली दीर्घ मालिका यायला १९८४ उजाडावे लागले. तरीही महाभारत, नाट्यशास्त्र, कादंबरी आणि शिवचरित्र या चार विषयांवर त्यांनी जो विचार केला, तो आजच्या या प्रश्नाला थेट भिडतो.

मामांच्या घरचे महाभारत

कुरुंदकरांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजी झाला. घराणे वसमत तालुक्यातील कुरुंदा गावचे. हा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात होता, आता तो हिंगोली जिल्ह्यात येतो. निजामाच्या राजवटीत मराठी माणसाला उच्च शिक्षणासाठी हैदराबाद गाठावे लागे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. शिक्षणासाठी कुरुंदकर हैदराबादला गेले. त्यांचे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर हे मराठीचे नामवंत अभ्यासक होते. मुक्तेश्वर आणि मोरोपंत या दोन कवींनी महाभारत मराठीत कसे आणले, हा नांदापूरकरांच्या प्रबंधाचा विषय होता. एकच कथा दोन कवी दोन तऱ्हांनी कशी सांगतात, या चर्चेचे संस्कार भाच्यावर कोवळ्या वयातच झाले.

तो काळही साधा नव्हता. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद मुक्तिसंग्राम पेटला होता. कुरुंदकर शाळकरी वयातच त्या चळवळीकडे ओढले गेले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, तेव्हा ते अवघे सोळा वर्षांचे होते. पुढे या संग्रामावर त्यांनी विपुल लिहिले. निजाम, रझाकार, आर्य समाज, स्टेट काँग्रेस, कम्युनिस्ट आणि भारत सरकार अशा अनेक बाजूंची ही कहाणी सामान्य वाचकाला समजेल अशा रीतीने मांडणे सोपे नव्हते. ते काम त्यांनी केले.

नापास विद्यार्थी, नामवंत शिक्षक

कुरुंदकरांच्या आयुष्यातील एक विसंगती मराठवाड्यात आजही चवीने सांगितली जाते. अफाट वाचन करणाऱ्या या विद्यार्थ्याला इंटरची परीक्षा वारंवार हुलकावणी देत राहिली. अभ्यासक्रमाबाहेरच्या ग्रंथांत रमणाऱ्याला अभ्यासक्रमाने दाद दिली नाही. पदवी आणि पदव्युत्तर परीक्षा त्यांनी उशिराच पार केल्या. सुरुवातीची काही वर्षे ते नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक होते. पुढे ते पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक झाले आणि अखेरीस त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने १९५० साली उभे राहिलेले हे महाविद्यालय मराठवाड्याच्या वैचारिक जीवनाचे एक केंद्र होते.

शाळामास्तराची वृत्ती त्यांनी कधी सोडली नाही. म्हणूनच प्राचार्य झाल्यावरही अनेकांच्या तोंडी त्यांच्यासाठी गुरुजी हेच संबोधन राहिले. मराठवाड्यातील व्याख्यानमालांत ते मनुस्मृतीवर बोलत, सेक्युलॅरिझमवर बोलत, रिचर्ड्सच्या कलामीमांसेसारख्या दुर्बोध विषयावरही बोलत. समोर शेतकरी, शिक्षक, व्यापारी, विद्यार्थी असा संमिश्र श्रोतृवर्ग असे. श्रोता अडाणी आहे, असे गृहीत धरून त्यांनी विषय कधी पातळ केला नाही. आधी प्रश्न नेमका मांडायचा, मग त्याच्या शाखा एकेक करून उलगडायच्या आणि प्रत्येक शाखेवरून पुन्हा मूळ प्रश्नाकडे यायचे, ही त्यांची रीत होती. श्रोत्याला कठीण विषयाचा त्रास होत नाही. आपण कुठे आहोत हे कळेनासे झाले की त्रास होतो.

व्यासांचे शिल्प

महाभारत हा कुरुंदकरांच्या आस्थेचा विषय होता. त्यांचे या विषयावरील लेखन 'व्यासांचे शिल्प' या पुस्तकात वाचायला मिळते. ते नास्तिक होते, पण महाभारताची महत्ता त्यांना पुरेपूर जाणवली होती. हा ग्रंथ त्यांनी भाविकाच्या नव्हे, तर चिकित्सकाच्या नजरेने वाचला. त्यांच्या हयातीतच पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने चिकित्सक आवृत्तीचे काम पूर्ण केले. १९१९ साली सुरू झालेले हे काम बाराशेहून अधिक हस्तलिखिते ताडून १९६६ साली संपले.

महाभारत हे स्वतःच शतकानुशतके वाढत गेलेले कथन आहे. परंपरा चोवीस हजार श्लोकांचे भारत आणि एक लाख श्लोकांचे महाभारत असा भेद करते. चिकित्सक आवृत्तीने उत्तरकालीन भर बाजूला काढली, तेव्हा अनेक लाडके प्रसंग गळून पडले. गणपतीने लेखनिक होण्याची कथा त्यात नाही. स्वयंवरात द्रौपदीने कर्णाला सूतपुत्र म्हणून नाकारण्याचा प्रसंग नाही. मयसभेत दुर्योधनाची फजिती झाल्यावर द्रौपदीने मारलेला टोमणाही नाही. मालिकांनी मात्र नेमके हेच प्रसंग उचलले, कारण त्यांत तात्काळ नाट्य आहे. लोकमानसातील कर्णाच्या प्रतिमेकडे कुरुंदकरांनी ज्या कठोर चिकित्सेने पाहिले, तिचे मूळ या फरकात आहे. मूळ कथेत काय आहे आणि आपल्याला काय हवेसे वाटते, या दोहोंची गल्लत होऊ नये, हा त्यांचा आग्रह होता.

इतकी भर पडूनही महाभारत कोसळले का नाही? याचे उत्तर त्याच्या रचनेत आहे. वनपर्वात नळाची कथा येते, ती द्यूतात सर्वस्व गमावलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी सांगतात. नळही द्यूतातच हरला होता. सावित्रीची कथा मार्कंडेय सांगतात, ती द्रौपदीसारखी दुसरी स्त्री कधी झाली काय, या युधिष्ठिराच्या प्रश्नावर. उपकथा मूळ कथेतील माणसाच्या दुःखातून निघते आणि त्याच दुःखाकडे परतते. कथा कोण, कोणाला आणि का सांगतो आहे, हे ऐकणाऱ्याला माहीत असते. चोप्रांच्या मालिकेत राही मासूम रझा यांच्या पटकथेने हेच भान राखले आणि हरीश भिमाणी यांच्या आवाजातील समय या सूत्रधाराने धागा प्रेक्षकाच्या हाती ठेवला.

नाट्यशास्त्राचा नियम

भरताचे नाट्यशास्त्र हा कुरुंदकरांच्या व्यासंगाचा आणखी एक विषय होता. सौंदर्यशास्त्रावरील त्यांचे लेखन 'रूपवेध'मध्ये आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या ग्रंथात कथानकाची पाच अंगे सांगितली आहेत. बीज म्हणजे कथेचा आरंभबिंदू. मध्येच खंड पडला तरी मूळ हेतू पुन्हा जोडून घेते ते बिंदू. पताका म्हणजे दूरवर चालणारे उपकथानक, प्रकरी म्हणजे छोटा प्रसंग आणि कार्य म्हणजे ज्यासाठी सारे घडले ती फलप्राप्ती. पताका मुख्य कथेला उपकारक असावी आणि शेवटाच्या आधीच तिने आवरते घ्यावे, असाही दंडक आहे.

आजच्या मालिकांत नेमके उलटे होते. दर आठवड्याच्या टीआरपीवर कथेची दिशा ठरते. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. नटाने मालिका सोडली की पात्र मारावे लागते, नट परतला की पात्र जिवंत करावे लागते. जाहिराती मिळत आहेत तोवर मालिका संपवायची नाही, हे ठरलेले. शेवटच ठरलेला नसेल, तर कार्य उरत नाही. कार्य नसेल, तर बीजाला अर्थ नाही. उरतात त्या फक्त पताका, एकीतून दुसरी निघालेल्या. प्रेक्षक गोंधळतो तो कथा मोठी आहे म्हणून नव्हे, ती कुठेच निघालेली नाही म्हणून.

'श्रीमान योगी'चे पत्र

कुरुंदकरांच्या लेखनात सर्वाधिक वाचला गेलेला मजकूर बहुधा रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी' या कादंबरीची प्रस्तावना हा असावा. देसाईंना लिहिलेले हे दीर्घ पत्रच प्रस्तावना म्हणून छापले गेले आणि पुढे कादंबरीइतकेच गाजले. अफझलखानाचा वध, शाइस्तेखानावरील छापा, आग्र्याहून सुटका या प्रसंगांचे नाट्य इतके विलक्षण आहे की त्याच्या झगमगाटात खरा शिवाजी झाकला जातो, हा त्यातील एक महत्त्वाचा मुद्दा आहे. राजाच्या मृत्यूनंतरही सामान्य माणसे औरंगजेबाच्या प्रचंड फौजेशी वर्षानुवर्षे लढत राहिली. ती का लढली, हा कुरुंदकरांच्या दृष्टीने शिवचरित्राचा मध्यवर्ती प्रश्न होता. त्याचे उत्तर त्यांनी रोमांचक घटनांऐवजी राज्यकारभारात आणि रयतेच्या विश्वासात शोधले.

'धार आणि काठ' या ग्रंथात त्यांनी मराठी कादंबरीच्या वाटचालीचा आढावा घेतला. 'जागर', 'शिवरात्र' यांसारख्या पुस्तकांत राजकीय आणि सामाजिक प्रश्नांची चर्चा केली. त्यांच्याशी मतभेद असणारे पुष्कळ होते आणि आजही आहेत. पण त्यांचा मुद्दाच कळला नाही, अशी तक्रार त्यांच्या विरोधकांनाही करता आली नाही.

व्यासपीठावर अखेर

फेब्रुवारी १९८२ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, संगीताच्या एका कार्यक्रमासाठी ते गेले होते. तेथे व्यासपीठावरच हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वयाची पन्नाशीही त्यांनी पाहिली नाही. नांदेडसारख्या त्या काळच्या लहान शहरात राहून, पुण्या-मुंबईच्या वर्तुळाबाहेर, त्यांनी एवढे काम केले याचे आज आश्चर्य वाटते. नांदेड-लातूरच्या तरुण पिढीला त्यांचे नाव ठाऊक असले तरी त्यांची पुस्तके हाती घेणारे थोडे आहेत, ही खंत मात्र राहतेच.

आज या दोन शहरांतून लेखनाची हौस असलेली मुले-मुली मुंबईच्या मालिकाविश्वात नशीब आजमावायला जातात. पटकथेचे तंत्र शिकवणाऱ्या कार्यशाळा त्यांना मिळतात. पण कथा कशासाठी सांगायची आणि ती कोठे थांबवायची, हे शिकायचे असेल, तर आपल्याच गावच्या या गुरुजींची चार पुस्तके त्यांनी सोबत न्यावीत. प्रेक्षकाला कमी लेखू नये, अवघड ते सोपे करताना खोटे करू नये आणि मूळ प्रश्न कधी नजरेआड होऊ देऊ नये, हे धडे त्यात पानोपानी आहेत. २०२० च्या टाळेबंदीत 'महाभारत' पुन्हा दाखवले गेले, तेव्हा मालिकांचा वीट आलेली घरे पुन्हा एकत्र बसली. ज्या कथेला शेवट आहे, तिच्यासाठी थांबायला लोक आजही तयार आहेत.