रक्त गोल फिरतं, हे सांगितलं आणि डॉक्टरचे पेशंटच कमी झाले

लॅबमध्ये रक्त द्यायला गेलं की दंडाला रबरी पट्टा बांधतात आणि हाताच्या शिरा टरारून फुगतात. जवळपास 400 वर्षांपूर्वी अशाच एका पट्ट्याने विल्यम हार्वेने दीड हजार वर्षांची समजूत मोडीत काढली.

हार्वे 1578 साली इंग्लंडमधल्या फोकस्टनला जन्मला. केंब्रिजनंतर तो इटलीतल्या पाडुआला शिकला. तिथे त्याचे गुरू फॅब्रिशियस यांनी शिरांमधल्या झडपा दाखवल्या होत्या, पण त्यांचं खरं काम त्यांनाही उमगलं नव्हतं. 1602 साली डॉक्टर झालेला हार्वे लंडनला परतला आणि पुढे थेट राजाचा वैद्य झाला.

तेव्हा गेलन या प्राचीन वैद्याचा शब्द अंतिम होता. यकृत अन्नापासून रक्त बनवतं आणि शरीर ते वापरून संपवतं, असं सगळे मानत.

हार्वेने साधा हिशेब मांडला. अर्ध्या तासात हृदयाचे हजारावर ठोके पडतात. प्रत्येक ठोक्याला थोडंसंच रक्त बाहेर पडतं असं धरलं, तरी आकडा अंगातल्या एकूण रक्ताच्या पुढे जातो. एवढं रक्त बनवायला माणसाने खायचं तरी किती? म्हणजे तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरत असणार.

मग पट्टा. गच्च आवळला की खोलवरची धमनीही बंद होते, हात गार पडतो. जरा सैल केला की धमनीतून रक्त हातात येतं, पण वरवरच्या शिरांतून परत जाऊ शकत नाही. म्हणून शिरा फुगतात.

धमनीची भिंत जाड आणि लवचीक असते, कारण तिला हृदयाचा जोर झेलायचा असतो. आजचं बीपी मशीन हाच दाब मोजतं: वरचा आकडा हृदय आकुंचन पावतानाचा, खालचा ते सैलावतानाचा. शिरांपर्यंत येताना दाब फारच कमी उरतो. रक्त मागे फिरू नये म्हणून तिथे झडपा लागतात.

1628 साली फ्रँकफर्टमध्ये त्याचं 72 पानी लॅटिन पुस्तक छापलं गेलं. त्यानंतर लोक त्याला वेडसर समजू लागले आणि पेशंट घटले, असं त्याच्या परिचयातल्या जॉन ऑब्रेने नोंदवलंय. पॅरिसच्या रिओलाँसारखे बडे शरीरशास्त्रज्ञ विरोधात गेले. राजा पहिला चार्ल्स पाठीशी होता, पण तीही साथ महागात पडली. 1642 साली यादवी युद्ध पेटलं आणि हार्वेचं लंडनमधलं घर लुटलं गेलं. कीटकांवरची वर्षानुवर्षांची टिपणं गेली, ती कायमचीच.

त्याच्या सिद्धांतात एक जागा मात्र रिकामी होती. धमनीतलं रक्त शिरेत जातं कुठून? ती वाट नुसत्या डोळ्यांना दिसणारी नव्हती. 3 जून 1657 रोजी पक्षाघाताच्या झटक्याने हार्वेची वाचा गेली आणि त्यातच तो वारला.

चारच वर्षांनी, 1661 साली, इटलीच्या माल्पिगीने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाचं फुफ्फुस ठेवलं. धमन्या आणि शिरांना जोडणाऱ्या केशवाहिन्या तिथे होत्या.