तेलाला इंधनाची वाट दाखविणारा रसायनज्ञ

वनस्पतीच्या तेलाच्या प्रत्येक रेणूत ऑक्सिजनचे सहा अणू असतात. डिझेलच्या मुख्य घटकांत ऑक्सिजन नसतोच. हा ऑक्सिजन काढून टाकला, तर शेतात पिकलेले तेल खनिज इंधनाची जागा घेऊ शकते. या शास्त्राचा पाया ज्याने घातला, त्या पॉल साबातिए यांनी आपले सारे कर्तृत्व पॅरिसपासून दूर, तुलूझ या प्रांतिक नगरात घडविले.

साबातिए यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८५४ रोजी दक्षिण फ्रान्समधील कार्कासॉन येथे झाला. पॅरिस येथे उच्च शिक्षण घेतल्यानंतर ख्यातनाम रसायनज्ञ बर्थेलो यांच्या प्रयोगशाळेत काम करून १८८० मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. १८८२ मध्ये ते तुलूझला आले आणि दोनच वर्षांत, वयाच्या तिसाव्या वर्षी, रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८९८ मध्ये पत्नीचे निधन झाले. चार मुलींची जबाबदारी अंगावर आली. पण त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. त्यांच्या संशोधनाचा सर्वांत फलदायी काळ नेमका हाच होता.

१८९६ मध्ये मोआसाँ आणि मुरो यांनी निकेलच्या बारीक चूर्णावर ॲसिटिलीन वायू सोडला, तेव्हा चूर्ण तापून लाल झाले. हा केवळ भौतिक परिणाम असावा, असा त्यांचा समज झाला. साबातिए यांना तो पटला नाही. १८९७ मध्ये त्यांनी धर्मगुरू असलेले सहकारी सेंदेरेन्स यांच्यासह इथिलीनवर प्रयोग केले. निकेलच्या सान्निध्यात इथिलीन हायड्रोजन स्वीकारून इथेन बनते, हे त्यातून दिसून आले. १९०१ मध्ये बेंझीनचे सायक्लोहेक्झेनमध्ये रूपांतर झाले. १९०२ मध्ये तर कार्बन मोनॉक्साइड व कार्बन डायऑक्साइड या वायूंतील ऑक्सिजन हायड्रोजनने पाण्याच्या रूपात काढून घेतला आणि मिथेन मागे उरला.

हे कसे घडते, याचे साबातिए यांनी दिलेले स्पष्टीकरण त्या काळी धाडसाचे होते. वायू धातूच्या छिद्रांत दाटतो व म्हणून क्रिया वेगाने होते, असे मानले जात असे. साबातिए यांच्या मते धातूचा पृष्ठभाग हायड्रोजनशी क्षणभराचे रासायनिक संयुग बांधतो, तो पुढच्या रेणूला देतो आणि स्वतः पुन्हा मोकळा होतो.

साबातिए यांचे प्रयोग मुख्यतः वायू व बाष्पांवर होते. द्रवरूप तेलावर ही क्रिया करण्याचे पेटंट १९०२ मध्ये जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान यांनी घेतले. भारतीय स्वयंपाकघरांत पोहोचलेले वनस्पती तूप हे त्याच क्रियेचे अपत्य. उद्योगाचा लाभ इतरांना झाला.

१९०७ मध्ये पॅरिसमधून मोआसाँ आणि बर्थेलो या दोघांच्याही रिक्त जागांसाठी त्यांना बोलावणे आले. साबातिए यांनी ते नाकारले. त्या सुमारास तुलूझमध्ये ते रसायन, विद्युत आणि कृषी विषयांच्या संस्था उभारत होते. १९१२ मध्ये ग्रिन्यार यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सेंदेरेन्स मात्र त्यातून वगळले गेले. श्रेयाचा हा प्रश्न साबातिए यांच्या चरित्राला कायमचा चिकटून राहिला. १९१३ मध्ये, पॅरिसबाहेर राहणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी नव्याने निर्माण केलेल्या जागांवर निवडले गेलेले ते फ्रेंच विज्ञान अकादमीचे पहिले सदस्य ठरले. राजधानीने अखेर आपला नियम वाकविला.

१९२० च्या दशकात त्यांचे शिष्य आणि सहकारी आल्फाँस माइल यांनी वनस्पती तेले तप्त उत्प्रेरकांवरून नेऊन पेट्रोलसदृश द्रव मिळविले. पण खनिज तेल स्वस्त होते. हा मार्ग अनेक दशके मागे पडला. १४ ऑगस्ट १९४१ रोजी, जर्मन आक्रमणाने फ्रान्स दुभंगलेला असताना, साबातिए यांचे तुलूझ येथे निधन झाले.

आज तेलशुद्धीकरण कारखान्यांत निकेल-मॉलिब्डेनमसारख्या उत्प्रेरकांवर, उच्च दाबाच्या हायड्रोजनमध्ये वनस्पती तेल तापविले जाते. त्यातील ऑक्सिजन पाणी किंवा कार्बनच्या ऑक्साइडांच्या रूपाने निघून जातो. २७ ऑगस्ट २०१८ रोजी डेहराडूनहून दिल्लीला आलेल्या विमानात जट्रोफाच्या तेलापासून बनविलेले इंधन मिसळले होते. तेल बदलले, उत्प्रेरकही बदलले. मात्र धातूच्या पृष्ठभागावरील हायड्रोजनची ती क्षणिक देवाणघेवाण तुलूझच्या प्रयोगशाळेतलीच आहे.