बुश्टन ते राशोल : फादर थॉमस स्टीफन्स



इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यात क्लिफ पायपर्ड नावाचे धर्मग्राम आहे. टेकडीच्या पायथ्याशी संत पेत्राचे जुने चर्च आणि जवळच बुश्टन ही लहानशी वाडी. याच वाडीत १५४९च्या सुमारास थॉमस स्टीफन्स यांचा जन्म झाला. ते दहाएक वर्षांचे असताना, १५५९ मध्ये, एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक मिस्सेवर कायद्याने बंदी आली. चर्च जागेवरच राहिले, मिस्सा मात्र गेली.

तरुणपणी थॉमस पाउंड या श्रद्धावंत मित्राबरोबर, त्याचा नोकर असल्याचे भासवून, ते गावोगाव हिंडले. दोघांनी रोमला जायचे ठरवले, तोच पाउंड पकडला गेला. स्टीफन्स एकटेच निघाले व १५७५ मध्ये रोम येथे येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बन सोडून ते २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले.

पुढील चाळीस वर्षे त्यांनी मुख्यतः साष्टीच्या खेड्यांत सेवा केली. ती सोपी नव्हती. पोर्तुगीज सत्तेने तिथली देवळे पाडली होती, लोकांच्या मनात राग होता. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीय मारले गेले. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी गाता येईल असे काही हाती नव्हते. ज्यांच्या स्वतःच्या गावची उपासना हिरावली गेली होती, त्या फादरांना हे रितेपण कळले असावे, असे आम्हाला वाटते.

ते मराठी व कोकणी शिकले. त्या काळी आपल्या पैठणला संत एकनाथ ओवीत लिहीत होते. त्याच ओवीत फादरांनी प्रभू येशूची कथा सांगितली. सुमारे ११,००० ओव्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. देवनागरी खिळे नसल्याने लिपी रोमन होती. १६१९ मध्ये फादर गोव्यातच प्रभुघरी गेले.

१६८४ मध्ये लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे, असा सरकारी हुकूम निघाला. ख्रिस्तपुराणाच्या जुन्या छापील प्रती नाहीशा झाल्या. पण श्रद्धावंतांनी हाताने नकला करून ग्रंथ जपला, म्हणूनच १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापता आला.

आज आपली बरीच मुले इंग्रजी शाळेत जातात आणि घरच्या मराठी प्रार्थनेत अडखळतात. त्यांना रागावून उपयोग नाही. बुश्टनच्या या मुलाने आपली भाषा मोठेपणी, कष्टाने शिकली, हे त्यांना सांगू या. आणि रविवारी जेवणापूर्वी ख्रिस्तपुराणातील पाच ओव्या सर्वांनी मिळून मोठ्याने वाचू या.