गळा बसला, पण घराणे उभे राहिले

आवाज हेच गायकाचे भांडवल. ते ऐन उमेदीत हातचे गेले तर पुढे काय उरते, याचे उत्तर गानमहर्षी उस्ताद अल्लादिया खाँ यांनी आपल्या आयुष्याने दिले. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक म्हणून त्यांची कीर्ती आहेच. पण या घराण्याची गायकी एका दुखावलेल्या गळ्यातून घडली, हे अनेकांना ठाऊक नसते.

खाँसाहेबांचा जन्म १८५५ मध्ये राजस्थानातील उनियारा येथे झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपले. काका जहांगीर खाँ यांनी त्यांना ध्रुपद व ख्यालाची कठोर तालीम दिली. अखंड मेहनतीने गळा तयार झाला आणि संस्थानांच्या दरबारांत त्यांचे नाव होऊ लागले. आमलेटा संस्थानात मात्र विपरीत घडले. तेथील अधिपतींच्या आग्रहाखातर ते अनेक दिवस सतत गात राहिले. गळ्यावर अतिरेकी ताण येऊन आवाज बसला. पुढे तो परतला, पण त्यात पूर्वीची सहजता उरली नाही.

खाँसाहेब खचले नाहीत. उरलेल्या आवाजाला मानवेल अशी गायकी त्यांनी नव्याने बांधली. आकारातली आलापी, विलंबित लयीशी घट्ट गुंफलेले स्वरवाक्य, वक्र वळणांच्या ताना आणि अनवट रागांचा व्यासंग ही तिची वैशिष्ट्ये ठरली. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने ते कोल्हापुरात स्थिरावले. १९२२ मध्ये महाराजांचे निधन झाल्यावर त्यांनी मुंबई गाठली. भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारखे शिष्य त्यांनी घडविले. १६ मार्च १९४६ रोजी मुंबईत त्यांची प्राणज्योत मालवली.

योगायोग असा, की त्यांच्या जन्मवर्षीच मॅन्युएल गार्सिया या स्पॅनिश गायनशिक्षकाचा, आरशाच्या साहाय्याने स्वतःचे स्वरतंतू पाहिल्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सादर झाला. स्वरतंतूंचा वरचा पदर अत्यंत मऊ असतो. बोलताना ते सेकंदाला शंभराहून अधिक वेळा कंप पावतात. इजेमुळे तेथे व्रण राहिला की पदर ताठरतो, कंपन अडते आणि आवाज घोगरा होतो. असा व्रण औषधाने सहसा जात नाही. त्यामुळेच मूलपेशींकडे आशेने पाहिले जाते. स्वीडनमध्ये १६ रुग्णांच्या अस्थिमज्जेतील पेशी वाढवून त्यांच्याच स्वरतंतूंत टोचण्यात आल्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष उत्साहवर्धक असले, तरी तो प्राथमिक टप्प्यातला होता. रुग्णसंख्या अल्प असल्याने त्यावरून खात्रीचा उपाय सापडला, असे म्हणता येत नाही.

भंडारा जिल्ह्यासाठी हा विषय परका नाही. दिवाळी सरली की झाडीपट्टीची रंगभूमी जागी होते आणि कलावंत रात्र-रात्र मंचावर गातात, बोलतात. थंडीतले जागरण, वरच्या पट्टीतले गायन आणि विश्रांतीचा अभाव यांत गळा भरडून निघतो. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवून दुर्बिणीची तपासणी करून घेणे आणि सांगितल्यास मौन पाळणे, हाच आजचा शहाणपणाचा मार्ग होय. गमावलेल्या आवाजातून नवी गायकी उभी करणारा अल्लादिया खाँ क्वचितच जन्माला येतो. असलेला आवाज जपणे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे.