मजूर नाटककार शॉन ओकेसी

शॉन ओकेसी यांचा जन्म ३० मार्च १८८० रोजी आयर्लंडच्या डब्लिन शहरात झाला. ते सहा वर्षांचे असताना वडील वारले. घरी गरिबी, त्यात डोळ्यांत खुपऱ्या झालेल्या. मग शाळा कसली? तरी ते धडपडून वाचायला शिकले. पुढे रेल्वेत कुदळ-फावडं चालवलं आणि नाटकंही लिहिली. डब्लिनच्या ॲबी थिएटरने पहिली काही नाटकं परत केली. १९२३ साली एक घेतलं, तेव्हा त्यांचं वय ४३!

पुढच्या वर्षी ‘जुनो अँड द पेकॉक’ आलं. वारशाचे पैसे येणार म्हणून एक गरीब कुटुंब उधारीवर सामान आणतं. पैसे येतच नाहीत, सामान मात्र परत जातं. घर सावरते ती आई. हे नाटक खूप चाललं आणि मजुरी सुटली.

१९२६ साली याच नाटकाला इंग्लंडातलं हॉथॉर्नडन बक्षीस मिळालं. पण त्याच वर्षी डब्लिनमध्ये त्यांच्या नव्या नाटकात लोकांनी दंगा केला. १९१६ च्या उठावातल्या वीरांचा अपमान झाला, असं त्यांना वाटलं. खरं तर ओकेसींनी गल्लीतल्या साध्या माणसांचे हाल दाखवले होते. मग ते इंग्लंडलाच राहिले. १९२८ साली ॲबीने पुन्हा एक नाटक नाकारलं. तेच १९३५ साली तिथे झालं. १८ सप्टेंबर १९६४ रोजी ते इंग्लंडात वारले.