भारदस्त अभिनयाचा मानदंड : कै. पृथ्वीराज कपूर

रुपेरी पडद्यावर येणारे नट पुष्कळ असतात. परंतु ज्यांचे पाऊल पडद्यावर पडताच प्रेक्षागृहातील कुजबुज आपोआप थांबावी, असे नट मात्र फार थोडे. अशा नटाने अद्याप तोंडातून शब्दही काढलेला नसतो, तरीही सर्वांच्या नजरा त्याच्याकडेच वळतात. या प्रभावाचे कारण रूप म्हणावे, तर देखण्या नटांचा तुटवडा कधीच नव्हता. आवाज म्हणावा, तर नुसत्या गर्जनेने प्रेक्षक कंटाळतो. उंचीपुरी देहयष्टी म्हणावी, तर धिप्पाड माणसेही पडद्यावर कधीकधी अगदी किरकोळ वाटतात. मग ही भारदस्ती येते तरी कोठून? या प्रश्नाचा उलगडा ज्यांच्या चरित्रातून उत्तम प्रकारे होतो, ते नटश्रेष्ठ म्हणजे कै. पृथ्वीराज कपूर होत.

पृथ्वीराजांचा जन्म ३ नोव्हेंबर १९०६ रोजी पंजाबातील लायलपूर जिल्ह्यातील समुंदरी या गावी झाला. त्यांचे आजोबा तहसीलदार होते, तर वडील दिवाण बशेश्वरनाथ हे पोलीस खात्यात अधिकारी होते. घरात शिस्त होती आणि शब्दाला वजन होते. पुढे वडिलांच्या नोकरीमुळे पेशावर येथे राहणे झाले व तेथील एडवर्ड्स कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. नाटकाची गोडी याच काळात लागली. मुलाने वकील व्हावे या हेतूने त्यांना लाहोरला कायद्याच्या अभ्यासास पाठविण्यात आले; परंतु वर्षभरातच त्यांनी तो मार्ग सोडला. त्या काळी प्रतिष्ठित घराण्यातील मुलाने नट होणे हे कमीपणाचे मानले जाई. लग्न झालेले, पदरी मुले, हाती पैसा नाही. अशा अवस्थेत आत्याकडून काही रक्कम उसनी घेऊन १९२८ साली हा तरुण मुंबईस येऊन दाखल झाला.

मुंबईत अर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल फिल्म कंपनीत त्यांनी प्रवेश मिळविला. प्रारंभी गर्दीत उभे राहण्याचे काम होते. पण थोड्याच अवधीत ते मूकपटांचे नायक झाले. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात प्रदर्शित झालेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटातही त्यांची भूमिका होती. त्यानंतर ते ग्रँट अँडरसन यांच्या इंग्रजी नाटक कंपनीत दाखल झाले व तिच्याबरोबर गावोगाव हिंडून त्यांनी शेक्सपियरच्या नाटकांतून कामे केली. हे दोन्ही अनुभव त्यांना जन्मभर पुरले. मूकपटाने त्यांना मान, खांदे आणि दृष्टी यांची भाषा शिकविली. रंगभूमीने श्वास कोठे घ्यावा, शब्द कोठे थांबवावा आणि शेवटच्या रांगेपर्यंत आवाज कसा पोहोचवावा हे शिकविले. भारदस्तीची पहिली दोन अंगे ही अशी मेहनतीने कमावलेली होती. ती जन्मजात देणगी नव्हती, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

पुढे ते कलकत्त्यास गेले. देवकी बोस यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘सीता’ या १९३४ सालच्या बोलपटात ते राम झाले आणि सीतेची भूमिका आपल्या दुर्गाबाई खोटे यांनी केली. न्यू थिएटर्सच्या १९३७ सालच्या ‘विद्यापती’मध्ये त्यांनी मिथिलेचा राजा शिवसिंह रंगविला. राणीचे मन कवीच्या काव्याकडे ओढले जात आहे हे जाणूनही स्वतःचा मोठेपणा न सोडणारा असा तो राजा आहे. दुःख ओठांवर येऊ न देता ते प्रेक्षकांच्या मनापर्यंत पोहोचविण्याची किमया त्यांना येथे साधली.

मुंबईस परतल्यावर १९४१ साली सोहराब मोदी यांच्या ‘सिकंदर’ने त्यांचे नाव देशभर गाजले. पोरस मोदी, सिकंदर पृथ्वीराज आणि रुखसाना पुढे ‘श्यामची आई’मुळे महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचलेल्या वनमालाबाई, असा तो योग होता. मोदी आणि पृथ्वीराज यांचे दरबारातील संवाद ऐकण्यासाठीच लोक पुन्हापुन्हा चित्रगृहात जात. हे प्रवेश बारकाईने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. पोरस बोलत असताना सिकंदर स्तब्ध उभा असतो. तो हात हलवीत नाही, उगाच फेऱ्या घालीत नाही. तो केवळ ऐकतो. ज्याला आपल्या सामर्थ्याची खात्री आहे, त्याला हालचालींचा पसारा मांडावा लागत नाही. समोरच्याचे बोलणे संपूर्ण ऐकून घेण्याची ही ताकद म्हणजे भारदस्तीचे तिसरे अंग होय.

अशा वैभवाच्या काळात बोलपटांतून सहज मिळणाऱ्या पैशावर समाधान मानणे कोणालाही रुचले असते. पृथ्वीराजांनी मात्र १९४४ साली ‘पृथ्वी थिएटर्स’ ही फिरती नाटक संस्था काढली आणि बोलपटांतील मिळकत तिच्यात ओतली. शंभराहून अधिक माणसांचा हा संसार घेऊन ते सोळा वर्षे देशभर हिंडले. ‘दीवार’ हे १९४५ सालचे नाटक एका घरात उभ्या राहिलेल्या भिंतीची कथा सांगून देशाच्या फाळणीविरुद्ध इशारा देत होते. दोनच वर्षांनी ती भिंत प्रत्यक्षात उभी राहिली आणि पृथ्वीराजांची जन्मभूमी व पेशावरचे घर ही दोन्ही पलीकडे गेली. १९४७ सालच्या ‘पठाण’मध्ये हिंदू मित्राच्या मुलासाठी स्वतःच्या मुलाचे बलिदान देणारा पठाण त्यांनी उभा केला. द्वेषाचा वणवा पेटलेला असताना असे नाटक करणे हे धैर्याचेच काम होते.

या प्रयोगांच्या शेवटी घडणारा प्रसंग ज्यांनी पाहिला, ते तो कधी विसरले नाहीत. पडदा पडताच पृथ्वीराज प्रेक्षागृहाच्या दाराशी जाऊन उभे राहत. मान खाली, दृष्टी जमिनीकडे आणि दोन्ही हातांत झोळीसारखे पसरलेले वस्त्र. कधी दुष्काळपीडितांसाठी, कधी निर्वासितांसाठी, तर कधी गरजू कामगारांसाठी ते जाणाऱ्या प्रत्येकापुढे झोळी धरीत. क्षणापूर्वी ज्याच्या एका शब्दाने प्रेक्षागृह थरारले होते, तोच आता याचक झालेला असे. देणाऱ्याचा चेहरा न पाहता, दान मोठे की लहान याची दखल न घेता, ते शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत उभे असत. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांच्या भारदस्तीचे खरे मूळ येथे आहे. ज्याला नमताना कमीपणा वाटत नाही, त्यालाच ताठ उभे राहणे शोभते.

घरच्या माणसांसाठीही त्यांनी वेगळा न्याय ठेवला नाही. राज, शम्मी आणि शशी या तिन्ही मुलांनी पृथ्वी थिएटर्समध्ये इतरांप्रमाणे कामे केली. पुढे राज कपूर यांनी १९५१ साली ‘आवारा’ काढला, तेव्हा वडिलांनी मुलाच्या दिग्दर्शनाखाली न्यायाधीश रघुनाथाची भूमिका केली. त्याच बोलपटात वृद्ध दिवाण बशेश्वरनाथही न्यायासनावर दिसतात आणि बालपणीचा नायक शशी कपूर आहे. चांगल्याचा मुलगा चांगला आणि चोराचा मुलगा चोरच, असे मानणारा रघुनाथ अखेरीस साक्षीच्या पिंजऱ्यात स्वतःच प्रश्नांच्या माऱ्याखाली सापडतो. त्या कठोर चेहऱ्याला हळूहळू तडा जातो, तेव्हा प्रेक्षकांच्या काळजाचे पाणी होते. नुसता कडकपणा म्हणजे भारदस्ती नव्हे. कडकपणाच्या आत कोंडलेली माया जाणवली पाहिजे.

१९५२ साली त्यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली. परंतु अहोरात्र चाललेल्या श्रमांचा परिणाम प्रकृतीवर होत होता. १९५७ सालच्या ‘पैसा’ या बोलपटाच्या दिग्दर्शनाच्या काळात त्यांचा आवाज बिघडला व पूर्वीची ती गर्जना पुन्हा परतली नाही. अखेर १९६० साली पृथ्वी थिएटर्स बंद करावे लागले. नियतीचा खेळ असा की, त्याच वर्षी ५ ऑगस्ट रोजी मुंबईच्या मराठा मंदिरात के. आसिफ यांचा ‘मुघल-ए-आझम’ प्रदर्शित झाला. पडद्यावर सम्राट अकबर सिंहासनावर विराजमान होता. त्या नटाची स्वतःची रंगभूमी मात्र मोडली होती. या बोलपटाच्या प्रारंभी हा सम्राट पुत्रप्राप्तीसाठी तापलेल्या वाळूतून अनवाणी चालत जातो आणि नवसाने मिळालेल्या त्याच पुत्राला पुढे देहदंड सुनावण्याची पाळी त्याच्यावर येते. जोधाबाईच्या भूमिकेत पुन्हा दुर्गाबाई खोटे होत्या. राम आणि सीता सव्वीस वर्षांनी बादशहा आणि बेगम होऊन समोरासमोर आली होती. अकबराचे शब्द राजाचे आहेत, डोळे मात्र बापाचे आहेत. या दोहोंमधील ताण त्यांनी इतक्या संयमाने सांभाळला की, आजही अकबर म्हटले की अनेकांना पृथ्वीराजच आठवतात.

१९६९ साली त्यांना ‘पद्मभूषण’ किताब मिळाला. १९७१ सालच्या ‘कल आज और कल’मध्ये ते मुलगा राज व नातू रणधीर यांच्यासह दिसले. २९ मे १९७२ रोजी कर्करोगाने मुंबईत त्यांचे निधन झाले आणि दोनच आठवड्यांनी पत्नी रामसरणीदेवीही त्यांच्यामागून गेल्या. १९७१ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मरणोत्तर देण्यात आला. १९७८ साली शशी कपूर व त्यांच्या पत्नी जेनिफर यांनी जुहू येथे पृथ्वी थिएटर उभारून वडिलांची अपुरी इच्छा पूर्ण केली.

वाचकहो, आपल्या कुटुंबांतील कित्येक मुलामुलींना आज अभिनयाची ओढ आहे. त्यांनी आरशासमोर उभे राहून मुद्रेवर गांभीर्य आणण्याचा अभ्यास अवश्य करावा. परंतु भारदस्ती हा मुखवटा नव्हे. शरीर व वाणी यांची तपश्चर्या, दुसऱ्याचे ऐकून घेण्याची धीर वृत्ती, शंभर माणसांचा भार वाहिलेले खांदे आणि चांगल्या कार्यासाठी झोळी पसरताना न लाजणारे मन, यांतून ती हळूहळू माणसात मुरते. पडद्यावर दिसतो तो तिचा केवळ प्रकाश. पृथ्वीराजांनी सिंहासने पुष्कळ भूषविली. पण त्यांची थोरवी पाहावयाची असेल, तर प्रेक्षागृहाच्या दाराशी मान लववून उभी असलेली ती मूर्ती डोळ्यांसमोर आणावी.